फळबाग, द्राक्ष आणि रोपवाटिका : पुणे जिल्ह्यात अनुदान मिळवायचं तर आधी काय, नंतर काय

जुलै उजाडला की तालुका कृषी कार्यालयांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "साहेब, बाग लावून झालीय, आता अनुदान मिळेल का?" खड्डे मे महिन्यात घेतलेले असतात, पहिल्या पावसावर कलमं लावलेली असतात आणि पावतीही खिशात असते. तरी उत्तर नकाराचं येतं, कारण पूर्वसंमती, म्हणजे लागवडीआधीची लेखी मंजुरी, घेतलेली नसते. हा शेतकरी अनेकदा योजनेत पूर्ण बसणारा असतो. अंजीर, सीताफळ, डाळिंब, पेरू असं पीकही यादीतलं असतं, जमीनही पुरेशी असते. फक्त आधी करायचं काम नंतर केलेलं असतं. म्हणून या लेखात रकमांपेक्षा क्रमावर भर दिला आहे. रकमा शासन निर्णयागणिक बदलतात, क्रम बदलत नाही.

पहिलं काम : आपलं दार कोणतं ते ठरवा

नवीन फळबागेसाठी महाराष्ट्रात दोन मुख्य दारं आहेत. पहिलं रोजगार हमीचं. फळबाग लागवडीला रोजगार हमीची जोड देण्याचं काम आपल्या राज्याने १९९० मध्येच सुरू केलं. पुरंदरच्या माळावर आज दिसणारं सीताफळ काय किंवा कोकणातला काजू काय, त्या धोरणाचा हात त्यामागे मोठा आहे. या दाराने जायचं तर घरात जॉब कार्ड हवं आणि जमीन अल्प किंवा अत्यल्प भूधारकाच्या मर्यादेत, म्हणजे २ हेक्टरपर्यंत हवी. अगदी ५ गुंठ्यांपासून लागवड घेता येते. खड्डे काढणं, लागवड, पाणी घालणं या कामांची मजुरी हजेरीपटावर चढते आणि बँकेत जमा होते. स्वतःच्या शेतात स्वतः राबल्याचीही मजुरी मिळते, ही या योजनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. त्यासाठी तुमचं नाव ग्रामसभेच्या ठरावातून ग्रामपंचायतीच्या आराखड्यात गेलेलं असावं लागतं. तेव्हा ग्राम रोजगार सेवकाला गाठायचं ते लागवडीच्या हंगामात नाही, आराखडा तयार होत असताना.

दुसरं दार भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचं. रोजगार हमीत न बसणाऱ्यांसाठी राज्याने ती २०१८-१९ पासून सुरू केली. कोकण सोडून उरलेल्या महाराष्ट्रात किमान ०.२० हेक्टर आणि कमाल ६ हेक्टर क्षेत्रावर तिचा लाभ मिळतो. ०.२० हेक्टर म्हणजे साधारण २० गुंठे. हवेली-मुळशीकडे ११ गुंठ्यांचा तुकडा घेऊन त्यावर आंब्याची पंधरा कलमं लावणाऱ्यांची संख्या वाढली आहे, पण त्यांच्यासाठी ही योजना नाही. संस्था, ट्रस्ट, कंपनी यांच्या नावावरची जमीनही चालत नाही. शेतकरी व्यक्ती असावा लागतो आणि सातबारा त्याच्या नावावर लागतो.

या योजनेत बहुवार्षिक सोळा फळपिकं आहेत : आंबा, काजू, पेरू, चिकू, डाळिंब, सीताफळ, संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू, नारळ, आवळा, चिंच, जांभूळ, कोकम, फणस आणि अंजीर. द्राक्ष यात नाही, त्याचं पुढे स्वतंत्र पाहू. क्षेत्राच्या मर्यादेत एकापेक्षा जास्त पिकं लावता येतात. पूर्वी रोजगार हमीतून किंवा दुसऱ्या योजनेतून काही क्षेत्रावर लाभ घेतला असेल, तर तेवढं वजा करून उरलेल्यावर अर्ज करायचा.

खर्चाची वाटणी आधीच समजून घ्या, म्हणजे नंतर वाद होत नाहीत. खड्डे खोदणं, कलमं आणून लावणं, पीक संरक्षण, नांग्या भरणं म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावणं, ही कामं शासनाच्या मापदंडानुसार अनुदानात धरली जातात. जमीन तयार करणं, शेणखत-माती मिसळून खड्डे भरणं, आंतरमशागत आणि कुंपण हा खर्च शेतकऱ्याचा. "शंभर टक्के अनुदान" हे शब्द ऐकून खिशात पैसे न ठेवता बाग लावायला घेऊ नका. मापदंड आणि प्रत्यक्ष बाजारभाव यांत फरक पडतोच, शिवाय पैसे काम झाल्यावर येतात. पहिल्या वर्षाचा खर्च हाताशी असल्याशिवाय खड्ड्याला कुदळ लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं काम : कागद, आणि त्यातही सातबारा

अर्ज रखडतात ते बहुधा इथेच. आपल्याकडे जमीन सामाईक असते. वडील जाऊन दहा वर्षं झाली तरी वारस नोंद झालेली नसते, किंवा झालेली असली तर तीन भाऊ, दोन बहिणी आणि आई अशी सहा नावं सातबारावर असतात. कसणारा एकच असला तरी बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. बहिणी लग्न होऊन चिंचवडला, नाशिकला, मुंबईला गेलेल्या. एप्रिलमध्ये संमतीपत्राची धावपळ सुरू केली तर जूनमध्ये हाती काही लागत नाही. हे काम दिवाळीनंतर, घरात सगळे एकत्र येतात तेव्हा उरकावं. बहिणींची सही म्हणजे उपचार नव्हे. त्यांना योजना काय, किती वर्षांची, बाग कुठे लावणार हे नीट सांगून सही घ्या, पुढची कटुता टळते.

वारस नोंद राहिली असेल तर ई-हक्क प्रणालीतून अर्ज करता येतो किंवा गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, जाता येतं. फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो, तो धरूनच पुढचं ठरवा. सातबारावर कुळाचं नाव असेल तर त्याचीही संमती लागते.

सातबाऱ्यासोबत आठ-अ, आधार, बँक पासबुक, अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर जातीचा दाखला आणि हमीपत्र एवढं तयार ठेवा. याखेरीज आणखी दोन गोष्टी तपासा, कारण अनेकांचं घोडं तिथे अडतं.

एक, शेतकरी ओळख क्रमांक. ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीतला हा क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी सक्तीचा आहे. तो नुसता काढून भागत नाही. तुमचे सगळे गट नंबर त्याला जोडले आहेत का ते पाहा. ज्या गटात बाग लावायची तोच सुटला असेल तर अर्ज भरताना ते क्षेत्र दिसणारच नाही. आधारवरचं नाव आणि सातबारावरचं नाव यांतला फरकही इथेच उघड होतो.

दोन, बँक खातं. अनुदान येतं ते आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलेलं आहे त्यात, अर्जात कोणतंही खातं लिहिलेलं असलं तरी. एखाद्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याला आधार जोडलेलं असेल तर पैसे परत जातात किंवा महिनोन्‌महिने लटकतात. बँकेत जाऊन कोणतं खातं आधारशी जोडलेलं आहे याची खात्री करून घ्या.

तिसरं काम : महाडीबीटीवर अर्ज

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर, शेतकरी योजनांच्या विभागात भरायचा. फुंडकर योजना 'फलोत्पादन' या घटकाखाली सापडते, ठिबक 'सिंचन साधने व सुविधा' याखाली. बाब निवडून जतन केली म्हणजे अर्ज झाला असं समजू नका. शेवटी 'अर्ज सादर करा' दाबून, प्राधान्यक्रम देऊन, २३ रुपये ६० पैसे शुल्क भरेपर्यंत अर्ज दाखल होत नाही. शुल्काच्या पावतीचा फोटो काढून ठेवा.

पूर्वी सोडत निघायची आणि नंबर लागेल तेव्हा लागेल म्हणून लोक निवांत असत. २०२५-२६ पासून 'प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य' अशी पद्धत आली आहे. त्यामुळे कागद तयार असलेला शेतकरी पुढे जातो. निवड झाल्याचा संदेश मोबाईलवर येतो आणि तिथून कागद चढवायला मोजके दिवस मिळतात. अर्ज सेवा केंद्रातून भरला असेल तर तिथे मोबाईल नंबर तुमचाच दिला आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. केंद्रचालकाचा नंबर गेला तर संदेश त्याच्याकडे येतो आणि मुदत टळून जाते. केंद्राला त्याचं सेवाशुल्क द्या, पण मंजूर रकमेवर टक्केवारी मागणाऱ्यापासून लांब राहा. निवड अर्जाच्या क्रमाने होते, मध्यस्थाच्या ओळखीने नाही.

अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि दिव्यांग शेतकऱ्यांना प्राधान्य आहे. जमीन घरातल्या बाईच्या नावावर असेल तर अर्जही तिच्याच नावाने भरा. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आणि अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनाही पाहावी. विहीर, पंपसंच, सूक्ष्म सिंचन अशा बाबी त्यांत येतात आणि पाणी नसेल तर बागेचा विचारच करता येत नाही.

चौथं काम : पूर्वसंमती हातात आल्यावर कलमांची निवड

पूर्वसंमतीच्या पत्रात पीक, क्षेत्र, अंतर आणि मुदत दिलेली असते. ते नीट वाचा. त्यातल्या अंतरापेक्षा वेगळ्या अंतरावर लागवड केली तर मोजणीत झाडांचा हिशेब जुळत नाही. सीताफळ ५ बाय ५ मीटरवर हेक्टरी ४०० झाडं बसतात, डाळिंब आणि अंजीर ४.५ बाय ३ वर हेक्टरी ७४०. तुम्हाला ट्रॅक्टर फिरवायला वेगळं अंतर हवं असेल, तर खड्डे घेण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्याशी, म्हणजे ज्यांना आपण आजवर कृषी सहायक म्हणत आलो त्यांच्याशी, बोलून घ्या.

कलमं कृषी विभागाच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून, नाहीतर राष्ट्रीय बागवानी मंडळाची मान्यता असलेल्या रोपवाटिकेतून घ्यायची. ही अट केवळ कागदासाठी नाही. बागेचं पुढचं पंधरा-वीस वर्षांचं आयुष्य त्या पिशवीतल्या मातीत ठरतं. पेरूच्या बागांत सूत्रकृमीने जे नुकसान केलं आहे ते बऱ्याचदा रोपवाटिकेतूनच शेतात आलेलं असतं. चार-दोन पिशव्या फोडून मुळं धुऊन बघा. मुळांवर गाठी दिसल्या तर सगळी गाडी परत पाठवा, मग भाव कितीही कमी असो. डाळिंबात तेल्या आणि मर हे रोग हीच गत करतात. तिथे कलम कोणत्या मातृबागेवरून घेतलं ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपल्या जिल्ह्याला यात मोठी सोय आहे. अंजीर आणि सीताफळासाठी पुरंदर तालुक्यातल्या जाधववाडीचं संशोधन केंद्र जवळ आहे. 'फुले पुरंदर' हा सीताफळाचा वाण आणि 'फुले राजेवाडी' हा अंजिराचा, दोन्ही या मातीतले. पुण्यात गणेशखिंडला शंभर वर्षांहून जुनं फळ संशोधन केंद्र आहे. बारामती आणि नारायणगावला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथली कलमं लवकर संपतात, म्हणून पूर्वसंमतीची शक्यता दिसताच चौकशी सुरू करावी. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्या भागात नवी बाग लावणाऱ्याने बाहेरून आलेल्या अनोळखी वाणाच्या मागे लागण्याआधी या मानांकनाची बाजारातली किंमत ओळखावी.

बिल घेताना रोपवाटिकेचा परवाना क्रमांक, पिकाचा वाण, कलमांची संख्या आणि तुमचं पूर्ण नाव त्यावर हवं. कच्च्या चिठ्ठीवर अनुदान मिळत नाही. लागवड झाली की बिलं पोर्टलवर चढवा आणि मोका तपासणीला स्वतः हजर राहा. अधिकारी शेतात येऊन झाडं मोजतात, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो घेतात. त्याच हंगामात ई-पीक पाहणीतून फळबागेची नोंद सातबारावर चढवून घ्या. पीक विमा, नुकसानभरपाई, कर्ज आणि उद्या एखाद्या रस्त्यासाठी किंवा प्रकल्पासाठी जमीन गेली तर झाडांचा मोबदला, सगळीकडे ही नोंद कामाला येते. पुण्याभोवतीच्या तालुक्यांत ही शक्यता खरी आहे, ती डोळ्याआड करू नये.

पाचवं काम : दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा हप्ता

फुंडकर योजनेचं अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं विभागून येतं. समजा तुमच्या क्षेत्रासाठी एकूण १ लाख रुपये मंजूर झाले, तर पहिल्या वर्षी ५० हजार, मग ३० हजार, शेवटी २० हजार. पुढचे हप्ते झाडं जगण्यावर अवलंबून आहेत. पहिल्या वर्षी किमान ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत हवीत. एक एकरभर, म्हणजे ०.४० हेक्टरवर सीताफळ लावलं तर झाडं १६०. त्यांतली पहिल्या वर्षी १२८ आणि दुसऱ्या वर्षी १४४ उभी दिसली पाहिजेत. प्रमाण वर जातं हे लक्षात घ्या. मेलेल्या झाडांच्या जागी नांग्या भरल्याशिवाय हा आकडा गाठता येत नाही आणि प्रमाण कमी पडलं तर कलमं स्वखर्चाने आणावी लागतात. रोजगार हमीतल्या बागेला मापदंड वेगळा आहे : बागायतीत ९० टक्के, कोरडवाहूत ७५ टक्के.

म्हणून लागवडीच्या वेळीच दहा टक्के कलमं जास्तीची आणून विहिरीजवळ सावलीत मोठ्या पिशव्यांत वाढवावीत. पुढच्या पावसाळ्यात नांग्या भरायला त्याच वयाची, त्याच वाणाची झाडं मिळतात आणि बाग एकसारखी दिसते. बाजारातून नवं लहान कलम आणून लावलं तर ते शेजारच्या झाडाच्या सावलीत दबून जातं.

झाडं मरतात मुख्यतः पहिल्या उन्हाळ्यात, मार्च ते मे. तेव्हा ठिबक आधी, बाग मागाहून, असा विचार ठेवा. सूक्ष्म सिंचनासाठी अल्प-अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. त्यावर राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना पूरक अनुदान देते, म्हणजे एकूण अनुक्रमे ८० आणि ७५ टक्के होतात. मर्यादा ५ हेक्टर. हे टक्केही मापदंडावर मोजतात, विक्रेत्याच्या कोटेशनवर नाही. इथेही पूर्वसंमतीआधी संच खरेदी केला तर अनुदान गेलं. याच राज्य योजनेत वैयक्तिक शेततळ्यालाही मदत मिळते आणि उन्हाळ्यात विहीर तळाला जाणाऱ्या शिरूर, दौंड, इंदापूर, बारामतीच्या पट्ट्यात अस्तर घातलेलं शेततळं बागेला तारतं. फळबाग, ठिबक आणि शेततळं हे तीन अर्ज वेगवेगळे असतात, पण विचार एकत्रच करा.

द्राक्ष बागायतदारांसाठी

द्राक्ष फुंडकर योजनेच्या यादीत नाही, म्हणून नारायणगाव-जुन्नरकडचे काही शेतकरी अनुदानाचा विषयच सोडून देतात. तसं करू नये. ठिबक, शेततळं आणि त्याचं अस्तरीकरण, पॅक हाऊस, शीतसाखळी या सगळ्या बाबी द्राक्षालाही लागू आहेत. अवकाळी पाऊस आणि गारपिटीपासून बाग वाचवण्यासाठी प्लॅस्टिक आच्छादनाला ५० टक्के अनुदानाचा पथदर्शी प्रकल्प राज्याने हाती घेतला, त्यात पुणे जिल्हाही होता. असे प्रकल्प मर्यादित क्षेत्रापुरते असतात आणि लक्ष्यांक लवकर संपतो. छाटणीच्या आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी मागणी नोंदवून ठेवणं हाच त्यावर मार्ग.

हवामान आधारित फळपीक विमा हे अनुदान वाटत नाही, पण हप्त्याचा मोठा भाग सरकारच भरतं. शेतकऱ्याला साधारणपणे विमा रकमेच्या ५ टक्के भरावे लागतात. द्राक्ष विम्याच्या आंबिया बहार या हंगामात येतं आणि नोंदणीची मुदत छाटणीच्या गडबडीतच संपते. एवढा खर्च करून उभी केलेली बाग विम्याविना ठेवणं मला पटत नाही.

रोपवाटिकाधारकांसाठी

उरुळी कांचन, लोणी काळभोर आणि सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोपवाटिकांचा मोठा व्यवसाय उभा आहे. फळझाडांची रोपं विकायची तर १९६९ च्या महाराष्ट्र फळ रोपवाटिका नियमन कायद्याखाली कृषी विभागाचा परवाना लागतो. तो नसेल तर अनुदान दूरच, तुमच्याकडून कलमं घेणाऱ्या शेतकऱ्याचंही अनुदान अडकतं. त्यापुढची पायरी राष्ट्रीय बागवानी मंडळाच्या मान्यतेची. ती मिळाली की योजनांखाली लागवड करणारे शेतकरी तुमच्याकडे येऊ शकतात.

एक गैरसमज दूर करतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना भाजीपाल्याच्या रोपांसाठी आहे. शेडनेटगृह, पॉलिटनेल, फवारणी पंप आणि क्रेट्स यांच्या ४ लाख ६० हजारांच्या खर्चावर ५० टक्के, म्हणजे २ लाख ३० हजारांपर्यंत मदत तीत ठरली आहे. टोमॅटो-मिरचीची रोपं करणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी, पण आंबा-पेरूच्या कलमांसाठी तिथे अर्ज करून वेळ घालवू नये. फळ रोपवाटिकेला एकात्मिक फलोत्पादन विकास अभियान पाहावं. राज्यात ते महाराष्ट्र राज्य फलोत्पादन व औषधी वनस्पती मंडळामार्फत राबवलं जातं आणि हे मंडळ पुण्यातच आहे. अभियानाचे खर्चाचे मापदंड केंद्राने २०२५ मध्ये सुधारले आहेत. यूट्यूबवरचे जुने आकडे धरून प्रकल्प अहवाल बनवू नका.

आणखी एका कामाकडे रोपवाटिकाधारकांनी आतापासून लक्ष द्यावं. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५ कोटींहून अधिक खर्चाचा स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला. देशभरातल्या नऊ केंद्रांपैकी तीन महाराष्ट्रात ठरली आहेत : द्राक्षासाठी पुणे, संत्र्यासाठी नागपूर आणि डाळिंबासाठी सोलापूर. विषाणूमुक्त मातृवृक्ष तिथून मिळतील आणि ते वाढवून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचं काम खासगी रोपवाटिकाच करतील, त्यासाठी त्यांना अर्थसाहाय्यही आहे. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आपल्या दारात असताना पुण्याच्या रोपवाटिकांनी यात मागे राहू नये.

कर्जाशी जोडलेलं अनुदान

पॅक हाऊस, शीतगृह, रायपनिंग चेंबर (फळं पिकवण्याची खोली) किंवा राष्ट्रीय बागवानी मंडळाचे मोठे व्यापारी प्रकल्प यांत बऱ्याचदा अनुदान बँक कर्जाशी जोडलेलं असतं. रक्कम शेतकऱ्याच्या हातात न येता कर्ज खात्याशी जोडून ठेवतात आणि अखेरीस वळती करतात. सगळा खर्च स्वतःच्या पैशाने करून मग अनुदान मागणाऱ्याला अशा योजनांत काही मिळत नाही. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं ३ टक्के व्याज सवलत मिळते आणि ती बऱ्याच अनुदानांसोबत घेता येते. अंजिराचा जॅम, सीताफळाचा गर, बेदाणा असा प्रक्रियेचा छोटा उद्योग करायचा असेल तर केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उन्नयन योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये मिळू शकतात.

अर्ज अडकला तर

पोर्टलवर अर्जाची स्थिती दर आठवड्याला पाहा. त्रुटी दाखवली असेल तर कागद पुन्हा चढवायची मुदत चालू असते. स्थिती हलतच नसेल तर आधी गावचे सहायक कृषी अधिकारी, मग मंडळ कृषी अधिकारी, मग तालुका कृषी अधिकारी या क्रमाने जा. तोंडी विचारू नका. अर्ज क्रमांक, तारीख आणि नेमकी अडचण लिहून दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. तालुक्याला महिनाभरात उत्तर आलं नाही तर तीच प्रत जोडून जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवा. तिथेही काही हललं नाही तर माहिती अधिकारात तुमच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणती कार्यवाही झाली, एवढंच विचारा.